कनेक्शन पूल सारखा संपतो, आकार 10 वरून 50 करावा का?

हिकारीसीपी (डेटाबेसची कनेक्शन्स उघडून तयार ठेवणारी, म्हणजे त्यांचा पूल सांभाळणारी जावा लायब्ररी) आणि पोस्टग्रेस डेटाबेसवरचं तुमचं ॲप दर दोन-तीन दिवसांनी 'कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल' म्हणत अडतं आणि रीस्टार्ट केलं की सुरळीत चालतं. म्हणून पूल 10 चा 50 करू का, असं विचारलंय. नका करू. रीस्टार्टने दोन-तीन दिवस बरं वाटतं, याचाच अर्थ पूल लहान नाही, तो गळतोय: घेतलेली कनेक्शन्स परत येत नाहीत.

याच मुद्द्यावर मी एका टीम लीडशी कित्येक महिने भांडले आहे, म्हणून एवढं तावातावाने लिहितेय. बिलिंगची सिस्टिम होती. एरर आला की त्यांचं उत्तर ठरलेलं: पूल वाढवा. 10 चे 20 झाले, 20 चे 50. ॲपचे तीन इन्स्टन्स (एकाच वेळी चालणाऱ्या प्रती) चालायचे, म्हणजे 150 कनेक्शन्स, आणि पोस्टग्रेसची डीफॉल्ट मर्यादा 100. मग डेटाबेसच 'टू मेनी क्लायंट्स' म्हणायला लागला आणि ज्यांचा या भानगडीशी काही संबंध नव्हता ते रिपोर्टही बंद पडले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी (कोणतं कनेक्शन काय करतंय ते दाखवणारी पोस्टग्रेसची यादी) उघडून दाखवलं. पूलच्या हिशेबात सगळी कनेक्शन्स ॲक्टिव्ह, आयडल शून्य. डेटाबेसच्या हिशेबात त्यातली बहुतेक 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (व्यवहार उघडा ठेवून नुसती बसलेली), शेवटची क्वेरी सगळ्यांची एकच आणि तीही पहाटेची. पूल ज्याला कामात आहे म्हणतो आणि डेटाबेस ज्याला तासन्‌तास रिकामं म्हणतो, ते कनेक्शन कोणीतरी घेऊन परतच केलेलं नसतं. मॅक्स लाइफटाइमवरही (जुनं कनेक्शन ठरावीक वेळाने बदलणारी सेटिंग) विसंबू नका. वापरात असलेलं कनेक्शन हिकारी कधीच काढून घेत नाही.

तरी लीडचं पालुपद एकच, लोड वाढलाय. शेवटी मी हिकारीचा लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड (कनेक्शन इतक्या वेळात परत आलं नाही तर लॉगमध्ये इशारा), जो मुळात 0 म्हणजे बंद असतो, 60000 मिलिसेकंद म्हणजे एक मिनिट केला. त्याच दुपारी लॉगमध्ये स्टॅक ट्रेस, म्हणजे कनेक्शन कोडमध्ये कुठून घेतलं त्याचा माग, आला. फंक्शन असं होतं: कनेक्शन घ्यायचं, खातं वाचायचं, खातं बंद झालेलं असेल तर तिथूनच रिटर्न. क्लोज, म्हणजे कनेक्शन परत करणं, अगदी शेवटच्या ओळीत. टेस्ट डेटात बंद खातं एकही नव्हतं, त्यामुळे टेस्ट्स कायम हिरव्या. ट्राय-विथ-रिसोर्सेस (काम कुठूनही संपलं तरी क्लोज आपोआप करणारी जावाची रचना) जावा 7 पासून, म्हणजे 2011 पासून आहे; ते वापरलं असतं तर हा बग जन्मालाच आला नसता. दुरुस्तीनंतर पूल पुन्हा 10 वर आणला आणि तो पुरला.

गळतीत निदान एरर तरी दिसतो. खराब कनेक्शन गुपचूप पूलमध्ये परत गेलं तर त्याहून वाईट. मार्च 2023 मध्ये चॅटजीपीटीवर काही लोकांना दुसऱ्यांच्या चॅटची शीर्षकं दिसली, ती यामुळेच. रेडिस या डेटा साठवणाऱ्या सर्व्हरशी बोलणाऱ्या पायथन लायब्ररीत रिक्वेस्ट अर्धवट रद्द झाली की तिचं उत्तर कनेक्शनवर तसंच पडून राहायचं आणि पुढे ते कनेक्शन ज्याला मिळेल त्याच्या पदरात पडायचं. असा बग पूलचा आकार कितीही वाढवला तरी जाणार नाही. म्हणून 'आत्ता वाढवू, नंतर बघू' हे वाक्य मी मीटिंगमध्ये खपवून घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

हो, लीक डिटेक्शन फक्त इशारा देतं, कनेक्शन सोडवत नाही. आणि खरोखरच लांबलेल्या क्वेरीवरही ओरडतं. आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट (पोस्टग्रेस 9.6 पासून) डेटाबेसच्या बाजूने असली सेशन्स तोडतो, पण मूळ बग तसाच राहतो. आकार खरंच कमी पडतो असंही होतं: प्रत्येक थ्रेड (ॲपमधली समांतर चालणारी कामाची धार) एक कनेक्शन धरून दुसरं मागत असेल तर सगळे एकमेकांची वाट बघत अडकतात. तिथे 8 थ्रेड्स, प्रत्येकी 2 कनेक्शन्स, तर किमान 9 लागतात. पण ती अडचण गर्दीच्या वेळी येते आणि टाइमआउट झाले की सुटते, तुमच्यासारखी दिवसेंदिवस साचत नाही.