मॅडम, हा रोज तेच पुस्तक मागतो

मी लहान मुलांच्या मनाच्या अडचणी बघते, आणि हे वाक्य माझ्याकडे इतक्या वेळा आलंय की आई-बाबा खुर्चीत टेकायच्या आधीच मला ते ऐकू येतं. शब्द थोडे इकडेतिकडे होतात. "घरात पंचवीस पुस्तकं आहेत, हिला एकच हवं." "अक्षरांकडे ढुंकून बघत नाही, नुसती चित्रं बघत बसतो." एका बाबांनी पुस्तक माळ्यावर टाकून 'हरवलं' म्हणून सांगितलं होतं. लेकीने असा काही आकांत केला की तिसऱ्या रात्री त्यांनाच शिडी लावावी लागली. सगळ्यांच्या बोलण्याच्या तळाशी भीती मात्र एकच असते: आपलं मूल कुठेतरी अडकलंय का?

कधीकधी अडकलेलं असतंही. पण नेमकं कुठे, ते बघायचं आपल्याला सुचत नाही.

साडेचार वर्षांच्या एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत, आणि पुस्तकाचं नावही सांगत नाही. गोष्ट साधी होती. कासव आणि पक्षी दोस्त असतात. थंडी पडू लागते तसा पक्षी दूर उडून जातो. कासव वाट बघतं. ऋतू पालटतो आणि पक्षी परत येतो. एवढंच.

आई सांगत होती, "रात्री चार-पाच वेळा वाचावं लागतं. पुस्तक मिटायच्या आत 'परत' म्हणतो. तीन महिने झाले. मला झोपेतसुद्धा पाठ म्हणता येईल."

बाबांनी आवाज खाली आणून विचारलं, "डोक्याने मागे तर नाही ना हा?" आईने त्यांच्याकडे असं बघितलं की मला उत्तर द्यायची गरजच उरली नाही.

मी नेहमीची विचारपूस केली. हाक मारली की वळून बघतो का, आवडलेली गोष्ट बोटाने दाखवतो का, इतर मुलांत रमतो का, झोप कशी आहे. सगळं ठीक होतं. मग मी सल्ला दिला: दोन नवी पुस्तकं आणा, आधी नवं वाचा, मग त्याचं.

हा सल्ला चुकला. पुढच्या आठवड्यात दोन्ही नवी पुस्तकं सोफ्याखाली सापडली आणि जुन्याची मागणी पाचावरून सातावर गेली. इतकी वर्षं हे काम करूनही मी पोराला काय हवंय ते न बघता आई-बाबांच्या कंटाळ्यावर औषध दिलं होतं.

तिसऱ्या भेटीत मी आईला म्हटलं, "घरी वाचता तसंच इथे वाचा. मी नाही असं समजा." मी कोपऱ्यात जमिनीवर बसले. आई छान वाचत होती. कासवाचा आवाज जाड, पक्ष्याचा बारीक. मुलगा तिच्या दंडाला टेकून बसला होता. मध्यावर आल्यावर आईने एका श्वासात एक पान उलटलं. त्याच क्षणी मुलाचा हात मांडीवरून उचलला गेला आणि परत मांडीवर पडला. पुस्तक संपलं. "परत." दुसऱ्या वेळीही तेच. तेच पान, आईचा तोच झपाटा, तसाच उचललेला हात. या खेपेला हात पुस्तकापर्यंत पोचला, पण तोवर पान गेलं होतं.

हे 'परत' अख्ख्या पुस्तकासाठी नव्हतंच.

मी विचारलं, "मधलं निळं पान तुम्ही सोडता का?"

"सोडत नाही, उलटते. त्यावर काही लिहिलेलंच नाही. वाचणार काय?"

मी पुस्तक हातात घेतलं. समोरासमोरची दोन अख्खी पानं निळी होती. खाली उजव्या कोपऱ्यात नखाएवढं कासव, वर रिकामं आभाळ. शब्द एकही नाही. अशी पुस्तकं बहुतेक बत्तीस पानांची असतात. छापखान्यात मोठ्या कागदाच्या घड्या आठाच्या नि सोळाच्या पटीत पडतात, त्यावरून तो हिशेब बसलाय. त्या बत्तिसातली काही शीर्षकात आणि इतर मजकुरात जातात. इतकी जागेची चणचण असताना चित्रकार दोन पानं जवळजवळ कोरी ठेवत असेल, तर ती उगाच ठेवलेली नसतात. मोठ्यांना ते पान रिकामं दिसतं, कारण आपण पुस्तकात अक्षरं शोधतो. मोठ्यांनी वाचून दाखवताना शाळेच्या आधीच्या वयाची मुलं पुस्तकात कुठे बघतात, याची २००५ साली डोळ्यांच्या हालचाली टिपून पाहणी झाली होती. मुलांची नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर होती, अक्षरांवर क्वचितच. म्हणजे 'नुसती चित्रं बघतो' ही तक्रार नव्हेच, ते त्या वयाचं वाचन आहे. आणि अक्षरं नसलेलं पान त्याच्या लेखी इतर पानांइतकंच भरलेलं आहे.

मी आईला म्हटलं, "आणखी एकदा वाचा. पण हे पान त्याला उलटू दे."

"किती वेळ थांबायचं?"

"तो उलटेल तोवर."

आई निळ्या पानावर आली आणि थांबली. तिची बोटं सवयीने पानाच्या टोकाशी गेली. मुलाने आपला तळवा पानावर सपाट ठेवला. जोरात नाही, पण सरकणार नाही असा. खोलीत आवाज नव्हता. बाबांनी दोनदा पाय बदलले. माझ्या जिभेवर प्रश्न आला होता, 'कासवाला काय वाटतंय रे?' तो मी गिळला. या कामात मला काही जमत असेल तर ते एवढंच: कुठला प्रश्न विचारायचा नाही ते कळतं. शिकायला बरीच वर्षं लागली.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "रडत नाहीये तो. वाट बघतोय."

मग चित्रावरून नजर न हलवता त्याने विचारलं, "आजी वाट बघते?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या घरात मुलाच्या जन्मापासून आजी होत्या. तीन-चार महिन्यांपूर्वी त्या धाकट्या मुलाकडे राहायला गेल्या, कारण तिथे बाळ झालं होतं. नातू रडेल म्हणून तो बालवाडीत असतानाच निघाल्या. "त्याने एकदाही विचारलं नाही हो. आम्हाला वाटलं, विसरला." या सगळ्याविषयी पहिल्या दोन भेटींत मला कुणी बोललं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही. त्याचा पुस्तकाशी काही संबंध असेल असं दोघांना वाटलंच नव्हतं.

मला वाटलं, उलगडलं. आजी म्हणजे उडून गेलेला पक्षी, हा मागे राहिलेलं कासव. बाबांनाही तसंच वाटलं असावं. ते पुढे सरकून म्हणाले, "अरे, आजी म्हणजे तो पक्षी आहे. पक्षी येतो ना परत?"

मुलगा म्हणाला, "नाही. मी पक्षी."

आम्ही तिघंही गप्प.

"मी शाळेत गेलो. आजी वाट बघून बघून गेली."

साडेचार वर्षांचं पोर तीन महिने हे मनात घेऊन फिरत होतं. सकाळी तो घरातून गेला, दुपारी आला तर आजी नाही. कुणी काही सांगितलं नाही. मग त्याने आपल्या बुद्धीने कारण लावलं. या वयात जगात जे काही घडतं ते आपल्यामुळेच घडतं अशी मुलांची बऱ्याचदा समजूत असते. पाऊस आपण हाक मारली म्हणून येतो, आई-बाबा आपण दूध सांडलं म्हणून भांडतात. आणि रोज रात्री तो त्या निळ्या पानाशी येत होता, कासव अजून आहे ना ते बघायला, आणि तितक्यात पान उलटलं जात होतं.

मी माझा अर्थ घाईने सांगून टाकला असता तर मोठीच चूक झाली असती. माझ्या अर्थात हा मुलगा दुःखी होता. त्याच्या स्वतःच्या अर्थात तो अपराधी होता.

बाबा चटकन खुर्चीवरून उतरून त्याच्यासमोर बसले. "तू शाळेत गेलास म्हणून आजी गेली नाही. काकाकडे बाळ झालंय, त्याला सांभाळायला गेली. तुला सांगायला हवं होतं. आम्ही नाही सांगितलं." मला हे शब्द त्यांना शिकवावे लागले नाहीत.

मुलाने ऐकलं, 'बरं' म्हणाला आणि पान स्वतः उलटलं. पुढच्या पानावर पक्षी परत येतो.

जाताना आई दारात थांबली. "खरं सांगू? त्याच्यावर वाचायला काही नाही हे खरंच आहे. पण ते पान मलाच नको व्हायचं. दुपारी घर तसंच वाटतं आता."

माझ्या कामाला वळण लावलं ते विनिकॉटच्या विचारांनी. डोनाल्ड विनिकॉट बालरोगतज्ज्ञ होते आणि मनोविश्लेषकही. १९५८ सालच्या एका निबंधात त्यांनी मांडलं की एकटं असण्याची ताकद मुलात कुणाच्या तरी सोबतीतच तयार होते. आई शेजारी आहे, पण काही करत नाही, काही विचारत नाही. तिच्या त्या असण्याच्या आधारावर मूल एकटं होऊन बघतं. रात्री मांडीवर चित्रपुस्तक असताना नेमकं हेच घडू शकतं. पानावर एकटेपणा आहे आणि पाठीला आईचा दंड आहे. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याने तर १९२० मध्येच आपल्या दीड वर्षांच्या नातवाचा खेळ लिहून ठेवलाय. पोरगं दोऱ्याला बांधलेलं रीळ पाळण्याच्या कडेवरून फेकायचं आणि दिसेनासं झालं की ओढून घ्यायचं, पुन्हा पुन्हा. आई बाहेर जाते-येते ते त्याच्या हातात नव्हतं, रिळाचं जाणं-येणं होतं. रोज तेच पुस्तक मागणाऱ्या मुलात मला हे रीळवालं पोर दिसतं.

प्रत्येक 'परत'च्या मागे असं काही असतंच असं मात्र नाही. बहुतेक वेळा काहीच नसतं. पुढे काय होणार ते आपल्याला ठाऊक आहे, याचीच मजा असते. शब्दही त्यातूनच पक्के होतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांना तेच नवे शब्द तितक्याच वेळा ऐकवले होते. काहींना एकाच गोष्टीतून पुन्हा पुन्हा, काहींना वेगवेगळ्या गोष्टींतून. शब्द जास्त लक्षात राहिले ते एकच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. तेव्हा 'वेळ वाया जातोय' ही चिंता सोडा.

मी आता पालकांना एकच काम देते. आठवडाभर पान उलटायचं काम मुलाकडे द्या आणि ते कुठे रेंगाळतं, कुठे मागे जातं, कुठे हात ठेवतं ते बघा. काही मुलं हसण्याच्या पानावर थांबतात, काही कोपऱ्यातल्या मुंगीवर. ती मुंगी तुम्हाला कधी दिसलीच नसेल, तर तसं सांगा. 'अरे, मी पाहिलीच नव्हती' हे ऐकताना मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. मात्र रेंगाळलेल्या पानावर परीक्षा घेऊ नका. 'हा कुठला रंग, हे किती, याला काय वाटतंय' ही सरबत्ती सुरू झाली की पान मिटतं आणि मूलही मिटतं. बोलायचंच असेल तर प्रश्न नको, स्वतःला दिसलेलं एक वाक्य बोला, 'आभाळ केवढं मोठं आहे', आणि थांबा.

दुःखाची, भीतीची पानं गाळू नका. मूल ती ओळखून असतं, आणि आई ज्या पानाला घाबरते त्या पानात काहीतरी भयंकर असणार असं ते धरून चालतं. आणि शेवटी तात्पर्य जोडू नका. 'मैत्री शिकवणारं पुस्तक सुचवा' म्हणून मला फार विचारणा होते. दोन मित्रांची गोष्ट वाचून झाल्यावर 'बघ, म्हणून भांडायचं नाही' म्हटलं की ती गोष्ट मुलाची राहत नाही, तुमची होते.

एका जागी न बसणारी मुलं उभ्याने, लोळत, मध्येच पळून येऊन ऐकतात. ऐकू द्या. पान चावणाऱ्यांसाठी जाड पुठ्ठ्याची पुस्तकं असतात.

काळजी कधी करायची, तेही सांगते. तेच ते हवं असण्याबरोबर मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचं होऊनही बोटाने काही दाखवत नसेल, चित्र बघताना 'तूही बघ' म्हणून तुमच्या चेहऱ्याकडे बघत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द गेले असतील, तर पुस्तकाचा विचार बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना लवकर भेटा. वाट बघत बसू नका.

त्या घरातलं पुस्तक लगेच मागे पडलं नाही. आणखी दोन-तीन आठवडे रोज रात्री वाचलं गेलं, पण एकदाच. आईने नंतर फोनवर सांगितलं. आजींना व्हिडिओ कॉल लावला होता. मुलाने पुस्तक आणलं, ते निळं पान उघडून फोनच्या इतकं जवळ धरलं की आजींना निळ्याशिवाय काही दिसेना. आवाजही नाही. अर्धा मिनिट गेल्यावर आजी म्हणाल्या, "अडकला का गं फोन?"

पुस्तकामागून आवाज आला, "आजी, बोलू नको. बघ."