कान दुखत नाही म्हणून थांबू नका

"तीन दिवसांपूर्वी झोपून उठलो तर उजव्या कानाला दडे बसलेले, आत बारीक शिट्टी, केमिस्टने मळाचे ड्रॉप्स दिलेत." तुमचं हे वाक्य वाचलं आणि पोटात गोळाच आला. माझीच गोष्ट, फक्त कान डावा.

तोंड मिटून लांब हुंकार द्या. मळ किंवा सर्दी असेल तर आवाज बहुधा बंद कानातच घुमतो. चांगल्या कानाकडे पळाला तर भानगड आतल्या कानाची, म्हणजे अचानक आलेल्या बहिरेपणाची, असू शकते. ही चाचणी पक्की नव्हे, त्यामुळे काहीही निघालं तरी आजच कान-नाक-घसावाल्यांकडे जा.

मी नऊ दिवस ड्रॉप्स घालत बसलो. मग एका ठिकाणी बॅटरी मारून पाहिलं, "पडदा स्वच्छ आहे, सर्दी उतरली की मोकळा होईल." अहो, वाट स्वच्छ असून ऐकू येत नाही, म्हणजे बिघाड पुढे आत आहे, हे तेव्हा सुचायला हवं होतं! ऑडिओमेट्रीची, म्हणजे कानाला किती ऐकू येतं ते मोजायच्या तपासणीची, तारीख मिळाली सतरा दिवसांनंतरची. लवकर मागितली तर खिडकीतून उत्तर, "दुखतंय का? नाही ना? मग?" दुखत नाही हाच तर घोळ आहे.

आतला कॉक्लिया, म्हणजे ऐकण्याचा खरा अवयव, वाटाण्याएवढा, गोगलगाईसारखे अडीच वेढे. त्यात साधारण 15 हजार केशपेशी: आतली एक रांग मेंदूला निरोप धाडते, बाहेरच्या तीन रांगा आवाज वाढवून देतात. शेजारचा एक पट्टा बॅटरीसारखा, द्रवात पोटॅशियम भरून 80 मिलिव्होल्टच्या आसपास दाब राखतो. या सगळ्याला रक्त एका बारीकशा धमनीचं. मेलेली केशपेशी कोंबडीच्या कानात पुन्हा उगवते, आपल्या नाही. म्हणून त्या मरण्याआधीच उपचार हवा: स्टेरॉइड द्यायचं तर पहिल्या दोन आठवड्यांत, जितकं लवकर तितकं बरं. मला सव्वीस दिवसांनी मिळालं. शिट्टी अजून आहे.

मी डॉक्टर नाही. काहींचा कान आपोआपही सुधारतो, पण त्या भरवशावर बसू नये असं माझं ठाम मत. साखर असेल तर आधी सांगा, स्टेरॉइडने ती चढते. एमआरआय सांगितला तर घाबरू नका, कानाच्या नसेवर गाठ नाही ना एवढं बघतात. सरकारी रांग लांब असेल तर ऑडिओमेट्री बाहेर पैसे देऊन करा, इथे कंजुषी नको.

आणि हो, रस्ता ओलांडताना मान वळवून बघा. एका कानाने रिक्षा कुठून येतेय ते कळत नाही.

ऑडिओमेट्रीचा आलेख हातात आला की इथे टाका.