शंका आणि डाउट

पोरी,

तुझी मेल काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली. परदेशातल्या त्या बाईंना तू लिहिलंस, ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर मेथड’. त्यांनी पानभर स्वतःचा बचाव करून पाठवला आणि तू मला विचारतेस, ‘मी तर साधी शंका विचारली, चुकलं काय?’

व्याकरण नाही चुकलं. आपली शंका फार ऐसपैस आहे. वर्गात ‘काही शंका?’ म्हणजे कळलं नसेल ते विचारा. ‘मला त्याची शंका येते’ म्हणजे सरळ संशय. डाउटमध्ये मावतो तो हा दुसरा अर्थ; पहिल्यासाठी इंग्रजीत क्वेश्चन. कोर्टातून आरोपी सुटतो तोही ‘संशयाचा फायदा’ मिळून, शंकेचा नव्हे. डाउटचं मूळ लॅटिनमधल्या ‘दोन’पाशी जातं, आपल्या द्विधेसारखं; क्वेश्चनचं शोधण्यापाशी. तू शोधत होतीस. बाईंना ऐकू आलं, ‘मला पटत नाही’. प्रतिशब्द पाठ करू नकोस गं, ऐकणाऱ्याचा कान बघ!

‘आपल्याकडे सगळे असंच बोलतात’ म्हणशील. बोलतात, आणि एकमेकांना कळतंही. मी त्याला चूक म्हणत नाही. पण बाई तुझ्या वर्गात नव्हत्या. कान कुणाचा, ते बघ.

क्वेश्चनलाही गरीब समजू नकोस. नाम असेतो गरीब, क्रियापद झालं की चावतं. ‘आय क्वेश्चन युअर मेथड’ लिहिलं असतंस तर याहून वाईट झालं असतं. आणि स्कॉटलंडमध्ये ‘आय डाउट इट विल रेन’ म्हणजे पाऊस येणार असं दिसतंय! शब्दकोश घेऊन बैस आता. पुन्हा तेच, कान.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका वरिष्ठांना लेखी कळवलं, तुमच्या हिशेबाबद्दल दोन डाउट्स आहेत. दोन आकडे कुठून आले, एवढंच विचारायचं होतं. वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत. आकडे विचारायलाच हवे होते, आजही विचारीन. पण शब्द माझा चुकला हे सांगायला मी गेलो नाही आणि ते निवृत्त झाले. पुढे मी सगळ्यांना सांगत राहिलो, गृहस्थ तापट होते. होतेच म्हणा.

तू आजच लिही. माफीचे चार परिच्छेद नकोत. तुझा खरा प्रश्न त्या मेलच्या शेवटून दुसऱ्या ओळीत दडलाय; तो उचलून पहिल्या ओळीत आण.