ताईला विचारा : चैत्रात गावी जाताय ना?

यावेळी निम्म्याहून जास्त पत्रं गावच्या घराबद्दलचीच आलीत. साहजिकच आहे म्हणा, शिमग्याला पालखी नाचवून गेलेले चाकरमानी परीक्षा संपल्या की परत बॅगा भरायला लागतात. मी पण हे सगळं देवरूखजवळच्या आमच्या घरी पडवीत बसून लिहितेय, समोर खळ्यात मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी वाळत घातल्यात आणि दर पाच मिनिटांनी उठून कावळा हाकलावा लागतोय, त्यामुळे मधेच कुठे वाक्य तुटलं तर चालवून घ्या.

प्रश्न : ताई, आमचं घर संगमेश्वर तालुक्यात आहे, सासू-सासरे तिथेच असतात. दरवर्षी एप्रिलमध्ये आठ दिवस जातो. मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ८ ची. दुसऱ्याच दिवशी "बोअर होतंय" चालू. घरात रेंज नाही, त्यासाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, चढून जावं लागतं. म्हणून यावेळी मी टाइमटेबल बनवलंय, सकाळी नेचर वॉक, दुपारी क्राफ्ट, संध्याकाळी गोष्टी. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या नुसत्या हसल्या. माझं काही चुकतंय का?
– एक सून, डोंबिवली

उत्तर : चुकत नाहीये गं, पण ते टाइमटेबल डोंबिवलीतच ठेवून जा. सासूबाई हसल्या कारण त्यांच्या डोळ्यासमोर एप्रिलमधली कामं आली असणार, आंबे उतरवायचे, ते पिकवायला पेंढ्यात अढी लावायची, कैऱ्या चिरायच्या, वाळवणं, विहिरीचा गाळ, पावसाळ्याची लाकडं, आणि त्यात तू क्राफ्ट म्हणतेस. मुलं गावी कंटाळतात कारण आपण त्यांना पाहुण्यासारखं ठेवतो. "उन्हात जाऊ नको, चीक लागेल, हात लावू नको", मग ती करणार तरी काय, बसतात मोबाइल घेऊन.

माझ्या नातवाचं सांगते. गेल्या वर्षी तो ११ चा होता, पुण्याहून आला तोच तोंड पाडून. माझ्या मिस्टरांनी त्याला काही समजावलं वगैरे नाही, सरळ अढी त्याच्या ताब्यात दिली. मागच्या अंधाऱ्या खोलीत जमिनीवर भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर हापूस एकेक करून मांडायचा, एकावर एक रचायचे नाहीत, वरून परत पेंढा. देठ थोडा ठेवूनच आंबा उतरवायचा, नाहीतर चीक सालीवर ओघळतो आणि काळे डाग पडतात, हे त्याला झाडाखालीच दाखवलेलं. आमच्याकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आहे, त्याला ब्लेड असतं त्यामुळे देठासकट आंबा जाळीत येतो, तो झेला धरायला मिळाला तेव्हाच स्वारी अर्धी खूश झाली होती. मग रोज सकाळी दात घासायच्या आधी अढीत. पेंढा हळूच बाजूला करायचा, आंबा उचलून देठाजवळ नाक लावायचं, परत ठेवायचा. चौथ्या दिवशी एक डागी निघाला तर तो दोन बोटांत लांब धरून, श्वास रोखून, गोठ्यामागे टाकून आला, जसं काही बॉम्बच निकामी केला. आठ-नऊ दिवसांनी पहिला पिवळा आंबा निघाला तेव्हा घरभर ओरडत फिरला, आणि गंमत बघ, तो त्याने स्वतः नाही खाल्ला, देवापुढे ठेवला आणि मग आजोबांना दिला. मोबाइल तेव्हा कुठे होता कोणालाच आठवत नव्हतं. (चार्जिंग संपून तांदळाच्या डब्यामागे पडलेला, नंतर सापडला.)

तेव्हा मुलाला अढी दे. मुलीला सासूबाईंच्या हाताखाली सोड, चैत्रगौरीचं हळदीकुंकू असेलच, गौर तृतीयेला बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे महिनाभर कोणाकडे ना कोणाकडे बोलावणं असतंच. पन्ह्याच्या उकडलेल्या कैऱ्या कुस्करायला आठ वर्षांचे हात एकदम बरोब्बर. खळं सारवायचं असेल तर तेही करू दे. शेणात हात घालताना पहिल्यांदा "ई" होणार, पाच मिनिटांनी कोपरापर्यंत बरबटलेली असेल आणि बोटांचे अर्धगोल किती सारखे उमटलेत ते आपल्याला बोलावून दाखवेल.

फक्त दोन गोष्टी कडक. विहिरीवर मोठं माणूस असल्याशिवाय जायचं नाही. आणि चिऱ्यांच्या ढिगात, पाचोळ्यात हात घालायचा नाही, आपल्याकडे फुरसं असतं, साप, ते एवढंसं दिसतं पण भयंकर विषारी. दुपारी सगळे पडवीत आडवे झाले की थोडं बोअर होऊ दे त्यांना, तेवढं चालतं.

प्रश्न : मागच्या वर्षी हौसेने ओले काजू सोलले आणि बोटांची सालं निघाली, आठवडाभर जेवताना हात भाजत होता. बाजारात सोललेले घ्यायचे तर भाव ऐकूनच पोट भरतं. घरी नीट कसे सोलायचे?
– रत्नागिरीची माहेरवाशीण, सध्या सांगली

उत्तर : अगं ते टरफलातलं तेल असतं, कातडीच भाजतं त्याने. हाताला आधी खोबरेल तेल चोपड, अगदी नखांच्या कडांनासुद्धा, वर राख लाव. बी उभी चिरायची, गर काडीने उचकटून काढायचा आणि थेट कोमट पाण्यात टाकायचा, थोड्या वेळाने वरची सालपटं आपोआप सुटतात. मधे डोळ्याला, तोंडाला हात लावायचा नाही आणि लहान मुलांना या कामाला अजिबात बसवायचं नाही, वर एवढं कामाचं कौतुक केलं ते इथे लागू नाही! मुलांना बोंडू, म्हणजे काजूचं फळ, दे, मीठ लावून. घसा थोडा खवखवतो आणि रसाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, तेव्हा जुना टीशर्ट घालून. आणि भावाचं म्हणशील तर एकदा वाटीभर गर काढून बघितलेस ना, आता ते महाग वाटायला नकोत. उसळीला फार मसाले घालू नकोस, ओलं खोबरं, थोडा गूळ, आमसूल, बास.

प्रश्न : माझी आंबेडाळ दरवेळी पाणीदार होते, हळदीकुंकवाला बायका वाटीत चमचा फिरवत बसतात. काय करू?
– पनवेल

उत्तर : हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजली की चाळणीत निथळत ठेव, चांगली अर्धा तास, आणि मिक्सरला पाण्याचा थेंब न घालता भरड फिरव. मीठ-साखर अगदी वाढायच्या आधी, कारण पाणी त्यानेच सुटतं. किसलेली कैरी पण तेव्हाच. आणि तोतापुरी वापरत असशील तर नको, तिला आंबटपणाच नाही, रायवळ कैरी मिळते का बघ. फोडणी गार करून घाल. हिंग जरा सढळ.

प्रश्न : आम्ही चार भाऊ, गावचं घर एकत्र. एप्रिलच्या शेवटी सगळे जमतो, मुलंबाळं धरून १७ माणसं, खूप मजा येते. पण मिसेस यावेळी यायला नाही म्हणतेय. म्हणते तुमची मजा, माझं चुलीपुढे मरण. कशी समजूत काढू?
– एक भाऊ, ठाणे

उत्तर : समजूत कसली काढताय, बरोबर बोलतेय ती. तुम्ही झोपाळ्यावर बसून "वा काय वारा सुटलाय" म्हणता तेव्हा आत ३४ वेळा चहाचे कप विसळले जात असतात, सकाळचे १७ आणि संध्याकाळचे १७. चौघे भाऊ आहात ना, मग रोज एकाने सकाळचा चहा-नाश्ता करायचा. पोहे येतात ना करता? नसतील येत तर गुरगुट्या भात करा, त्याला काही अक्कल लागत नाही, सोबत मेतकूट आणि लोणचं, सगळे मिटक्या मारत खातात. फणस फोडायचा तो पण पुरुषांनीच, विळीला आणि हाताला तेल लावून, आणि चिकाची ती विळी नंतर धुवायची पण तुम्हीच, ती मोरीत ठेवून पळायचं नाही. हे सगळं निघायच्या आधी भावांच्या ग्रुपवर लिहून टाका, मिसेसना दाखवा, आणि मग या म्हणा.

प्रश्न : ताई आजी, कोकिळा गाते ना? मग बाबा म्हणतात ती नाही तो गातो. कोण बरोबर?
– इयत्ता चौथी, चिपळूण

उत्तर : बाबा बरोबर. कुहू कुहू करतो तो नर, काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी असते, अंगावर पांढरे ठिपके, आणि ती नुसतं किक किक करते. आमच्या काळातल्या सगळ्या कविता चुकल्या बघ. आता झाड नीट बघ, आवाज येईल तिथे काळा पक्षी दिसला तर कावळा समजून सोडू नको, कोकीळ पानांत लपून बसतो, कावळ्यासारखा समोर येऊन बसत नाही. आणि कोकिळेला स्वतःचं घरटं नसतं, ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात, पिल्लं वाढवतो बिचारा कावळा. हे तुला लिहिता लिहिता माझी एक फोड गेलीच. घरट्यात घेऊन गेला असेल पिल्लासाठी, आणि ते पिल्लू कोणाचं हे त्याला तरी कुठे माहितेय.