जुनी केस आहे, भाड्याने घर मिळेल का?

पोलीस ठाण्यात कधीकाळी नाव गेलं की भाड्याचं घर विसरायचं, असं समजून बसलेल्या वाचकांची पत्रं थांबत नाहीत. असा कायदा कुठेही नाही. कुणाला घर द्यायचं ते मालक ठरवतो, पण तुमची बाजू कागदावर असेल तर त्याला समजावता येतं. म्हणून यावेळी याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : 2013 साली शिमग्यात पालखीच्या मानावरून मारामारी झाली, फिर्यादीत माझंही नाव होतं. 2018 ला निर्दोष सुटलो. आता लोट्याला नोकरी लागली आहे. भाडेकरूच्या माहितीच्या फॉर्मवर गुन्ह्याचा रकाना आहे. काय लिहू? (खेड)

आधी रकाना नीट वाचा. 'शिक्षा झाली आहे का' असं विचारलं असेल तर 'नाही' लिहा. 'गुन्हा दाखल झाला होता का' असं असेल तर 'होय, निर्दोष मुक्तता' लिहून केस नंबर आणि निकालाची तारीख टाका. रकाना कोरा सोडू नका. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर पक्षकाराच्या नावाने कुणालाही केस शोधता येते. मालकाने ती शोधून काढण्याआधी निकालाची सही-शिक्क्याची नक्कल तुम्हीच त्याच्या हातात द्या. शब्दांबद्दल शंका असेल तर तुमची केस चालवलेल्या वकिलांना फॉर्म दाखवा.

प्रश्न : माझी निकालाची नक्कल जुलै 2021 च्या पुरात गेली. (चिपळूण)

ज्या कोर्टाने निकाल दिला तिथल्या नक्कल विभागात अर्ज करा, आणि याच आठवड्यात करा. ठरावीक मुदतीनंतर कोर्टातली जुनी कागदपत्रं नष्ट केली जातात.

प्रश्न : माझ्यावर एक केस चालू आहे. एजंट म्हणतो, 'तुमच्या रेकॉर्डवर रजिस्टर करार होणार नाही. अकरा महिन्यांचा स्टॅम्प पेपर नोटरी करून घ्या, अनामत दुप्पट द्या आणि पोलीस परवानगीचे तीन हजार वेगळे.' द्यावेत का? (चिपळूण शहर)

एक रुपयाही देऊ नका. या एका वाक्यात तीन थापा आहेत, आणि गरजू माणूस तिन्ही गिळतो.

पहिली, रेकॉर्डवर करार होत नाही ही. करार नोंदवताना दोन्ही पक्षांची ओळख पटवतात, कुणाच्या केसेस मोजत नाहीत. दुसरी, अकरा महिन्यांची. एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही हे 1908 च्या नोंदणी कायद्यातलं अर्धवट ऐकलेलं कलम लोक अजून उराशी धरून बसलेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, 31 मार्च 2000 पासून लागू. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, महिने कितीही असोत. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तिसरी थाप 'पोलीस परवानगी'. पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवायची असते, परवानगी विकत घ्यायची नसते. पैसे मागितले तर पावती मागा, विषय तिथेच संपेल.

आणि खर्च तरी किती? सात हजार भाडं, तीस हजार अनामत, अकरा महिने धरले तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपयांच्या आसपास आणि नगरपरिषद हद्दीत नोंदणी फी एक हजार.

हे मी इतकं ताणून सांगते, कारण केस असलेल्या माणसालाच बिनकागदाचं राहायला लावतात. मागच्या जुलैत एक गृहस्थ माझ्याकडे आले. प्लास्टिकच्या पिशवीत नोटरीची झेरॉक्स होती. तिच्यावर त्यांचं आडनाव चुकलेलं, तारखेची जागा रिकामी, आणि मूळ कागद मालकाकडे. सामान पडवीत निळ्या ताडपत्रीखाली भिजत होतं. साठ हजार अनामत दिल्याचा पुरावा शून्य, सगळी रोख दिलेली. पुढचा मालक विचारणार, आधी कुठे राहत होता? दाखवायला यांच्याकडे काय आहे?

मालकालाही समजावून सांगा. नोंदलेला लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा करार, असेल तर मुदत संपल्यावर याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जागा परत मागता येते, आणि जागा न सोडणाऱ्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई लागते. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. भीती वाटणाऱ्या मालकाने तर नोंदणीचा आग्रहच धरायला हवा. मात्र हा कायदा प्रत्येक ग्रामपंचायत हद्दीत लागू नाही. घर गावात असेल तर सही करण्याआधी स्थानिक वकिलांना विचारा.

प्रश्न : मुलगा जामिनावर आहे. त्याच्यासाठी माझ्या नावावर खोली घेते, कुणाला कळायला नको. चालेल का? (कुडाळ)

ताई, खोली तुमच्या नावावर घ्या, पण तो राहणार आहे हे करारात लिहा. लपवाछपवीचा त्रास मालकापेक्षा कोर्टाकडून होईल. पत्ता बदलला तर कळवावं, तालुक्याबाहेर जाऊ नये, अशा अटी जामिनाच्या आदेशात बहुतेक वेळा असतात. त्या मोडल्या तर जामीन रद्द होऊ शकतो. आदेशाची प्रत घेऊन त्याच्या वकिलांकडे आधी जा, खोली नंतर बघा.

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातून तडीपार आहे. सिंधुदुर्गात घर घेऊ का?

आदेश वाचल्याशिवाय नको, त्यात लगतचे जिल्हेही असू शकतात.

प्रश्न : लॉकडाऊनमध्ये पाच महिन्यांचं भाडं थकलं, मालकाने घर सोडायला लावलं. आता कुठेही गेलो की जुन्या मालकाला फोन जातो. (दापोली)

जुन्या मालकाकडे स्वतः जा. एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवा, पैसे बँकेतून द्या, आणि शेवटच्या हप्त्याला 'काही येणे बाकी नाही' असं दोन ओळींचं सहीचं पत्र घ्या. ते पत्र आणि गेल्या सहा महिन्यांच्या पगाराच्या नोंदी नव्या मालकापुढे ठेवा. रकमेवरून वाद असेल तर मात्र काहीही लिहून देण्याआधी वकिलांना भेटा. घाईघाईत दिलेल्या एका चिठ्ठीत लोक नसलेली थकबाकीही कबूल करून बसतात. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, पात्र माणसाला तिथे वकील मोफत मिळतो.