हरकत फुटात लिही

बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. फोनवर दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून कागद घेतला.

कोपऱ्यावरच्या प्लॉटवर तळाला दुकानं, पहिल्या मजल्यावर दवाखाने-ऑफिसं आणि वर चार मजले फ्लॅट, असा नकाशा येऊ घातलाय. ही बातमी फुटल्यापासून कॉलनीला झोप नाही. तू नियोजन शिकतेस म्हणून हरकतीच्या अर्जाचा मसुदा तुझ्या गळ्यात आला. वर्गात ऐकतेस की शहर नुसतं आडवं पसरत गेलं तर शेतंही जातात आणि माणसांचा दिवसही रस्त्यावर जातो. घरी बाबा म्हणतात, पहिली सही माझी. आणि तू मला विचारतेस, ‘काका, मी कोणाच्या बाजूनं लिहू?’

बाजू मी सांगणार नाही. तुझं तू बघ. मी सांगणार आहे ते एवढंच, की जे लिहिशील ते मापात लिही. फूट, मीटर, लिटर, तास. ज्या हरकतीला माप नाही ती अर्जात घालू नकोस, मग ती सांगणारा कितीही मोठा असो. हे वाक्य या पत्रात तुला पुन्हा पुन्हा भेटेल. कंटाळा आला तरी वाच.

परवाच्या मीटिंगला मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो, तू पाहिलंच असशील. मंदिराच्या हॉलमध्ये एवढी गर्दी गणपतीच्या आरतीलाही होत नाही. एक म्हणाला, भाडेकरू येतील. दुसरा म्हणाला, पोरंपोरं खोल्या घेऊन राहतील. तिसऱ्यानं अंडाभुर्जीच्या गाडीची भीती घातली. कोणीतरी ‘आपल्या कॉलनीचं वातावरण’ म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. यातलं फुटात काय मांडता येतं सांग बरं मला? भाडेकरू किती फूट असतो? आम्ही स्वतः इंदूरच्या मल्हारगंजात भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलो. खाली धान्याचं दुकान, वर आम्ही. या शहराला खाली दुकान, वर घर याची सवय कोणी नव्यानं लावायची गरज नाही. सराफ्यात दिवसा सोनं विकतात आणि रात्री त्याच दुकानांच्या पायऱ्यांपुढे कढया चढतात. मीटिंगमधले निम्मे लोक शनिवारी रात्री तिथे गराडूचे तळलेले काप खात उभे असतात. मग आपल्या कोपऱ्यावर एक मेडिकल आलं तर संस्कृती बुडते होय?

मात्र मजल्यांवर हसू नकोस. तू मेसेजात लिहिलंस, ‘सहा मजल्यांना एवढं काय घाबरायचं?’ बरोबर आहे, आपला होळकरांचा राजवाडाच सात मजल्यांचा आहे, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. पण १९८४ मध्ये तो पेटला होता, हेही विसरू नकोस. उंच घराला आग लागते तेव्हा तिथे पोचायचं कसं, हा प्रश्न वातावरणाचा नाही, मापाचा आहे. आणि मापाचा म्हटला की मला उत्साह येतो.

तळमजला अधिक पाच, मजल्याला तीन मीटर धर. झाले १८ मीटर. राष्ट्रीय इमारत संहिता १५ मीटर आणि त्यावरच्या इमारतीला उंच इमारत म्हणते. तिच्याभोवती अग्निशमनाची गाडी फिरायला ६ मीटर मोकळी वाट लागते, म्हणजे वीस फुटांना जरा कमी. आता प्लॉटच्या बाजूची आपली गल्ली घे. कागदावर ती ३० फूट. जागेवर? दोन्हीकडच्या घरांचे रॅम्प बाहेर आलेत. तुझ्या बाबांचा रॅम्प साडेतीन फूट बाहेर आहे, मला तो रोज दिसतो. दोन्ही बाजूंचे सात फूट गेले, उरले तेवीस. दोन्हीकडे एकेक गाडी लावलेली, सहा-सहा फूट. उरले अकरा. त्यातून बंब कसाबसा निघेल, पण वळणार नाही. आणि हे आज, इमारतीची एक वीटही बसायच्या आधी.

म्हणूनच लोकांना माप नको असतं, बेटा. फीत दुसऱ्याच्या दाराशी धरली की तिचं दुसरं टोक आपल्या ओट्यावर येतं. वातावरण म्हटलं की सगळा दोष येणाऱ्याचा. फूट म्हटलं की आपला रॅम्पही हिशेबात आला.

आता लिही, ‘गाड्यांची ये-जा मुख्य रस्त्याकडून ठेवावी, बाजूच्या गल्लीत पार्किंगचं दार देऊ नये, कारण गल्लीची मोकळी रुंदी अमुक वेळी अमुक फूट भरली.’ ही हरकत झाली. उंचीची परवानगी समोरच्या रस्त्याच्या रुंदीला बांधलेली असते, तेव्हा नकाशात कुठल्या रस्त्याची कुठली रुंदी दाखवली आहे ते आधी बघ. नकाशा न बघता ‘सहा नको, तीन मजले करा’ लिहिणाऱ्याला समोरचा माणूस एकच विचारतो, तीनच का? आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

पाण्याचंही तसंच. ‘पाणी पुरणार नाही’ हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलोय. १९७८ मध्ये जलूदहून नर्मदेचं पाणी शहरात आलं त्याआधीही ऐकलं, नंतरही. त्यापेक्षा हिशेब मांड. चार मजल्यांवर १६ फ्लॅट, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर. दिवसाला १०,८०० लिटर, आणि दुकानं-दवाखाने वेगळे. पाच हजार लिटरचा टँकर म्हटला तर दोन टँकर संपून वर तिसऱ्याची गरज. मग विचार, टाकी किती लिटरची, बोअर किती, गच्चीचं पावसाचं पाणी जमिनीत जाणार की नालीत, आणि मे महिन्यात टँकर उभा राहणार कुठे? ही जागा नकाशात दाखवा म्हणून माग. टँकर गल्लीतच उभा राहणार हे आपल्याला आत्ताच ठाऊक आहे.

उत्तरेकडच्या घरातल्या काकूंचं तू लिहिलंस ते मला आवडलं. मीटिंगमध्ये सगळे त्यांना हसले. ‘माझं ऊन जाईल, कुरडया वाळायच्या नाहीत’ म्हणाल्या. हसणाऱ्यांना सावली कशी पडते याचा गंध नाही. कर्कवृत्त आपल्या जरासं उत्तरेकडून जातं. जूनमध्ये भर दुपारी आपली सावली आपल्याच पायाखाली असते. चैत्र-वैशाखात, म्हणजे कुरडया-पापडांच्या दिवसांत, १८ मीटरच्या इमारतीची भर दुपारची सावली सात-आठ मीटरच्या पुढे जात नाही, म्हणजे गल्लीतच राहते. कुरडया वाळतील. पण डिसेंबरअखेर सूर्य इतका खाली येतो की भर दुपारीही सावली इमारतीच्या उंचीपेक्षा किंचित लांबच पडते, १८ मीटरला पावणेएकोणीस. गल्ली ओलांडून ती काकूंच्या ओट्यावर येणार. दुमजली घराच्या गच्चीपर्यंत मात्र ती बहुधा पोचणार नाही, कारण तेवढ्या उंचीवर ती बाराएक मीटरच उरते. काकू गुडघ्यांना तेल लावून पौषात ओट्यावर बसतात, गच्चीवर नाही. जिना चढवत नाही म्हणून तर ओट्यावर बसतात. म्हणजे त्यांची तक्रार खरी आहे, फक्त कुरडयांची नाही, गुडघ्यांची आहे. लिही, ‘वरचे दोन मजले उत्तरेकडून ३ मीटर मागे घ्यावेत.’ सावलीही तेवढीच मागे सरते. जिला सगळे वेडगळ समजले तिचीच हरकत सगळ्यात पक्की निघाली, बघ. मापात बसली म्हणून.

तुला हे शिकवायला कॉलेज आहे, मी नाही. पण कॉलेजात पॅट्रिक गेडीस हा स्कॉटलंडचा नगररचनाकार नुसता नावापुरता शिकवला असेल तर इंदूरचं त्याचं काम काढून वाच. होळकर दरबारासाठी त्यानं केलेला अहवाल १९१८ चा, दोन खंड. प्लेगनं गांजलेलं शहर होतं, आणि वस्त्या पाडून सरळसोट रुंद रस्ते काढा असं सांगणारे तेव्हाही होते. हा माणूस गल्ल्यांतून पायी हिंडला. कुठली भिंत पडायला आली आहे, कुठे चार झाडांपुरती जागा आहे, हे बघून तेवढंच काढायचं आणि बाकी वस्ती राहू द्यायची असा त्याचा आग्रह. आधी पाहणी, मग उपचार. त्यानं दिवाळीत शहरभर मोठी मिरवणूकही काढली होती, प्लेग आणि घाण यांना हाकलणारी. आमच्या पिढीनं त्यातली मिरवणूक तेवढी उचलली, पाहणी सोडून दिली. असो.

माझी गोष्ट तुला ठाऊक असेल, बाबांनी त्यांच्या पद्धतीनं सांगितली असेल. मी सांगतो. पूर्वी आमच्या रस्त्यावर अशीच एक इमारत आली, याच्यापेक्षा लहान. तेव्हाही अर्ज झाला. त्यात होतं ‘सांस्कृतिक वातावरण’, ‘महिलांची सुरक्षितता’, ‘कॉलनीचे स्वरूप’. मी नकाशे काढून पोट भरणारा माणूस. म्हटलं, बाबांनो, नव्या इमारतीचं जोतं रस्त्यापासून किती उंच आहे ते बघा, ते नाली झाकून वर रॅम्प घेताहेत, पावसाचं पाणी कुठे जाणार ते लिहा. कोणी ऐकलं नाही. ‘नाली काय, किरकोळ.’ मी सही केली नाही. अर्ज गेला. तिथल्या साहेबांनी पानं उलटली, कागदावर शिक्का मारला आणि चहा घेणार का विचारलं. इमारत झाली. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी खालच्या अंगाच्या घरांत शिरलं. लोक गाद्या वर उचलत होते आणि माझ्याकडे असे बघत होते जणू पाणी मीच सोडलं.

सही न केल्याबद्दल मला फितूर म्हटलं गेलं. ते मी पचवलं. पण त्या संक्रांतीला तुझ्या काकूला समोरच्या घरांतून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. तिनं तिळाच्या वड्या केल्या होत्या, ताटात मांडून ठेवल्या होत्या. बोलली काही नाही. हट्ट माझा, आणि भरलं तिनं. ते मला आजही लागतं. तरीही त्या कागदावर सही करायला हवी होती असं मला वाटत नाही. त्या कागदात काही नव्हतंच. नाली दीड फुटाची होती आणि तिचं झाकण सिमेंटनं बुजवलं होतं, हे एक वाक्य असतं तर सगळ्यात वर सही केली असती, तीही मोठ्या अक्षरात. पुन्हा प्रसंग आला तर पुन्हा तसंच करेन. आणि तुझ्या बाबांचा राग अजून शिल्लक असेल तर राहू दे, आमचं आता वय झालं.

आमचा मुलगा शहराच्या टोकाला, निपानियाच्या पुढे राहतो, हे तू जाणतेसच. रोज ऑफिस, मग आम्हाला बघायला इकडे, मग परत. या कॉलनीत त्याच्या ऐपतीचं एकही घर नाही, कारण इथे फक्त बंगलेच असावेत असं आपणच ठरवलं. हे मी तुला बाजू घ्यायला सांगत नाहीये. मी आधीच म्हटलंय बाजू सांगणार नाही. पण परवाच्या मीटिंगमध्ये सगळी पांढरी डोकी होती, हे मोजलंस का? तेही एक माप आहे.

अर्ज नुसता ‘नको’ म्हणून संपवू नकोस. प्रत्येक मुद्द्यापुढे काय हवं ते लिही, आणि तेही आकड्यात. बांधकाम सकाळी किती वाजता सुरू, रात्री किती वाजता बंद. जनरेटर कुठल्या भिंतीला. दुकानांच्या एसीचं गरम वारं गल्लीकडे सोडू नये. कचरा ठेवायची जागा आत, कचरागाडीला दारात अर्धा तास थांबायला लागू नये. आणि ज्याला ‘नको’च म्हणायचं आहे त्यानं वेगळा कागद करावा, त्यावर आपली सही करावी. तुझ्या मसुद्यात त्याला घुसू देऊ नकोस. ‘तू अजून लहान आहेस’ म्हणतील. म्हणू दे. भाडेकरू हा शब्द घाला म्हणून कोणी अडून बसलं तर पेन त्यांच्या हातात दे आणि ऊठ. नंतर निवांत रडायला आमच्याकडे ये, काकू चहा करेल.

जमीन-वापरच बदलायचा असेल तर मध्य प्रदेशच्या १९७३ च्या नगर आणि ग्राम निवेश कायद्याखाली जाहीर सूचना निघते आणि हरकती मागवतात. ती सूचना वर्तमानपत्रात कुठे तरी आतल्या पानावर असते, तेव्हा पेपर नीट बघत जा. मुदत चुकली तर मापंही कामाची नाहीत.

रविवारी सकाळी तयार राहा, शाळा बंद असतात म्हणून गल्ली रिकामी दिसेल, तर सोमवारी व्हॅनच्या वेळी पुन्हा मोजू. फीत मी आणतो, स्टीलची. कापडी ताणते. सुरुवात तुझ्या बाबांच्या रॅम्पपासून करू. त्यांना आधी सांगून ठेव, नाहीतर म्हणतील मी मुद्दाम केलं. मुद्दामच करतोय, पण ते तू बोलू नकोस.

तुझा काका