आजोळी सापडलेले दांडीचे काचेचे ग्लास कोणी बनवले आणि किती जुने, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की वेंगुर्ल्याला आजोळच्या माजघरातल्या कपाटात दांडीचे सहा ग्लास निघाले, नाव कुठेच नाही, आणि जुन्या वस्तू घेणारा एकजण ‘पोर्तुगीज आहेत, दोनशे वर्षांचे’ असं सांगून गेला. त्याचं म्हणणं तूर्त बाजूला ठेवा. आपल्या किनाऱ्यावर जुनं काही निघालं की ते पोर्तुगीज तरी ठरतं नाहीतर डच, कारण गोवा हाकेच्या अंतरावर आणि वेंगुर्ल्यात डचांची वखार. मुंबईहून बोटीने आलेला विलायती माल मात्र कोणाला आठवत नाही.

मी आधी ग्लास उलटा करतो. हाताने फुंकलेल्या ग्लासाचा काठ तापवून नीट करायचा असतो, तेव्हा धरायला म्हणून बुडाला लोखंडी कांब चिकटवतात. काम झालं की ती तोडतात आणि बुडाच्या मधोमध व्रण राहतो. बोट फिरवून बघा. खरखरीत लागलं तर काम हाताचं. तिथे नाण्याएवढी गुळगुळीत खळी असेल तर तो व्रण घासून काढलाय. चांगल्या मालात ही रीत अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळली, म्हणून असा ग्लास सहसा त्याआधीचा धरत नाहीत. व्रण नाही आणि अंगावर साच्याच्या सांध्याची उभी रेघ आहे, तर काच बहुधा साच्यात दाबलेली. दाबयंत्रं अमेरिकेत 1820 च्या दशकात आली, तेव्हा वय त्याच्या अलीकडचं.

पण खरखरीत व्रण आजचा कारागीरही ठेवतो. म्हणून झीज बघायची, आणि माझा खरा भरवसा हिच्यावरच. भिंग घ्या. ग्लास जिथे टेकतो तेवढ्याच कडेवर बारीक ओरखडे हवेत, वाटेल त्या दिशेने गेलेले, काही खोल, काही नुसते धूसर. सगळे एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसले, किंवा जी खळगी कधी टेकतच नाही तिथेही असले, तर कोणीतरी पॉलिशपेपर फिरवलाय.

शिसं घातलेली काच हाताला जड लागते आणि टिचकी मारली की आवाज घुमत राहतो. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने तिचं पेटंट घेतलं 1674 मध्ये, पण ती आजही बनते, म्हणून वय ठरवायला तिचा उपयोग थोडाच. नोटा तपासायचा निळसर टॉर्चही लोक मारून बघतात. त्यात हिरवीगार चमकली तर काचेत युरेनियम आहे. शिशाची फिकट निळी झाक दिसायला वेगळा, लघुलहरी (आखूड तरंगलांबीच्या अतिनील किरणांचा) दिवा लागतो.

आता बनवणारा कोण. इथे अपेक्षा कमी ठेवा, एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या बहुतेक ग्लासांवर नाव नसायचंच. फ्रान्समधला बाकारा काच कारखाना आधी कागदी लेबल लावायचा, ते धुण्यात जायचं. सगळ्या मालावर आम्लाने कोरलेला शिक्का 1936 पासून. तो इतका फिका असतो की बुडावर तिरका उजेड पाडल्याशिवाय दिसत नाही. चौकटच्या पानासारखी खूण असेल तर ती इंग्लंडमधली नक्षीची नोंदणी, 1842 ते 1883 मधली. 1884 पासून नुसता नोंदणी क्रमांक येतो. लक्षात घ्या, ही नक्षी नोंदल्याची तारीख, ग्लास त्यानंतर कितीही वर्षं निघत असेल. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर प्रश्नच मिटला: तो देशच 1918 साली झाला. आपल्याकडचे तळेगावचा पैसा फंड काच कारखाना (1908) आणि ओगलेवाडी (1916) तर विसाव्या शतकातलेच.

धुरकटपणा गेला नाही म्हणून राखेने घासू नका, चरे पडले की झीज वाचताच येत नाही. व्हिनेगर घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवा. विहिरीच्या पाण्याचा क्षार असेल तर निघेल. नाही निघाला तर दमट हवेने काचच खाल्लीय, तिला तशीच राहू द्या. फक्त पावसाळ्यात बंद कपाटात कोंडू नका.

सहाही ग्लासांची उंची पट्टीने मोजा. हाताच्या कामात एखाददोन मिलिमीटरचा फरक निघतोच. आणि काळ्या कापडावर ग्लास उलटा ठेवून, बाजूने उजेड घेऊन बुडाचा फोटो इथे टाका. समोरून काढलेल्या फोटोवरून मी काही सांगू शकणार नाही.